दाराखालचा गंज : एमजीबी घेताना मी कसा फसलो

सांगलीला बाबांची अ‍ॅम्बॅसेडर होती, १४८९ सीसीची. सकाळी ती सुरू झाली की गल्लीला कळायचं. मागच्या ऑक्टोबरात इथे इंग्लंडमध्ये एका माणसाने विकायला काढलेल्या त्याच्या १९७२ च्या एमजीबीची, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, किल्ली फिरवली आणि तोच घोगरा आवाज आला. हे इंजिन १७९८ सीसीचं, पण घराणं एकच, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज. मनाने मी गाडी तिथेच घेऊन टाकली होती.

संध्याकाळची वेळ, वर रिमझिम. ओल्या गाडीवर रंगातले उंचवटे-खळगे दिसत नाहीत, हे मला नंतर कळलं. बॉनेटला हात लावला तर गरम. म्हणजे थंड इंजिनाचे दोष कळू नयेत म्हणून मी पोचायच्या आधीच ते तापवून ठेवलं होतं. "सिल्स नवीन टाकल्यात," तो म्हणाला. सिल्स म्हणजे दाराखालचे पत्रे. दुसरं गिऱ्हाईक सकाळी येणार होतं म्हणे. ९,५०० पौंड मी त्याच्या खात्यात तिथल्या तिथे भरले.

एमजीबीला वेगळी चासी नाही. दाराखालून जाणारे सिल्सचे पत्रे, आतले आणि बाहेरचे, हेच तिचं बळ. उघड्या टपाच्या गाडीत तर तेच सगळा भार घेतात. आठवड्याने गॅरेजवाल्याने जॅक लावून एक बाजू उचलली आणि त्या बाजूचं दार उघडेना. गाडी मधून वाकत होती. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. जाड काळं अंडरकोटिंग निघालं, खाली बोटभर जाडीची लांबी (पुट्टी), आणि तिच्याखाली जुना पत्रा पापुद्र्यासारखा हातात आला. कुजलेल्या सिलवरच नवीन पत्रा चढवून वेल्डिंग केलं होतं. दोन्ही बाजूंच्या दुरुस्तीचे मिळून ४,८०० पौंड.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढेच. एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची इथली दरवर्षीची तपासणी. तिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की फुकट दिसतो. २०१७ च्या नोंदीत दोन्ही सिल्स गंजल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही, त्यामुळे पुढे नोंदच नाही. मालकाला हवी तर तपासणी आजही करून घेता येते. विकणारा "लागत नाही" म्हणाला तर तुमच्या खर्चाने करून मागा. नाही म्हणाला, तर निघा तिथून.

डीलरकडून घेतलेली सदोष गाडी ३० दिवसांत परत करता येते, २०१५ चा कायदा आहे. खासगी विक्रीत तो हक्क नाही. खोटं वर्णन केलं असेल तर दाद मागता येते, पण सिद्ध आपणच करायचं. सिल्सचं बोलणं तोंडी झालेलं, जाहिरात दुसऱ्या दिवशी गायब, आणि मी तिचा स्क्रीनशॉटही काढला नव्हता. तुम्ही आधी तो काढा. सिल्सबद्दल लेखी घ्या. दिवसाउजेडी, कोरड्या गाडीवर, पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखाली फिरवा; लांबीवर ते धरत नाही. जॅक लावून दार उघडून बघा.

या गाडीवरचा जीव मात्र गेलेला नाही. १९६२ ते १९८० एवढी वर्षं ती बनली, पाच लाखांवर निघाली, म्हणून आजही तिचा प्रत्येक पत्रा नवा मिळतो. डावी बाजू झाली आहे. उजवीचं वेल्डिंग पुढच्या महिन्यात, पैसे जमतील तसं.