नळाला येणाऱ्या झिणझिण्या आणि जुन्या घराची वीज-तपासणी: दहा महिन्यांनंतर

पुण्यात शुक्रवार पेठेत आम्ही भाड्याने राहतो ती इमारत १९७४ सालची आहे. तळमजल्यावर घरमालक काका-काकू, वर आम्ही. घर हवेशीर, शाळा पायी जाण्याच्या अंतरावर, काकांचा स्वभाव चांगला. त्यामुळे घर सोडायचा विचार कधी आला नाही. गेल्या नोव्हेंबरात या घराची संपूर्ण वीज-तपासणी करून घेतली. आता सप्टेंबर आहे. म्हणजे गीझरची थंडी, कूलरचा उन्हाळा आणि भिंतींना ओल आणणारा पावसाळा असे तिन्ही ऋतू नव्या व्यवस्थेवरून जाऊन आले, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात सासूबाईंपासून झाली. आंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या. त्यांचं वय शहात्तर, वर मधुमेह, त्यामुळे आम्ही ते नसांच्या दुखण्यावर ढकललं. याचं मला आजही वाईट वाटतं. मग एका सकाळी नऊ वर्षांची मुलगी बाथरूममधून ओरडली, "आई, नळ चावतोय." नवऱ्याने नळाला टेस्टर लावला, तर तो मिणमिणता पेटला. गीझरचं बटण बंद केलं, विझला. परत चालू केलं, परत पेटला. त्या दिवसापासून गीझर बंद, पाणी गॅसवर.

ओळखीतला एक इलेक्ट्रिशियन आला. त्याने टेस्टरने सगळे सॉकेट पाहिले, गीझरचा प्लग बदलला आणि "सगळं ठीक आहे, आंघोळीला स्लीपर घालत जा" असं सांगून गेला. नुसत्या टेस्टरने फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी तार, आहे की नाही एवढंच कळतं. अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत सोडणारी तार, खरंच जमिनीपर्यंत पोचतं का, हे टेस्टर सांगू शकत नाही. हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याने राहते. फोनवर हे सांगितलं तर तिने तिच्या घराच्या वीज-तपासणीचा अहवाल पाठवला. तिकडे २०२० सालच्या नियमांनुसार घरमालकाला निदान पाच वर्षांतून एकदा पात्र माणसाकडून तपासणी करून घ्यावीच लागते आणि अहवालाची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. धोक्याचं काही निघालं तर दुरुस्ती २८ दिवसांत, किंवा अहवालात त्याहून कमी मुदत दिली असेल तर तेवढ्यात. आमच्या लिव्ह अँड लायसन्स करारात विजेबद्दल एकच ओळ होती: बिल भाडेकरूने भरायचं. तिचा अहवाल पाहून एवढं मात्र कळलं की मला "येऊन बघून जाणारा" माणूस नको आहे, आकडे मोजून कागदावर लिहून देणारा हवा आहे.

चार ठिकाणी चौकशी केली. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले: ठेकेदाराचा परवाना आहे का, आणि मेगर (तारांचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) व अर्थ टेस्टर (अर्थिंग मोजणारं यंत्र) घेऊन याल का? दोघांनी दुसऱ्या प्रश्नानंतर फोन ठेवला. एक परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर २,५०० रुपयांत तयार झाले. ते आणि त्यांचा वायरमन असे दोघं आले आणि चार तास घरात होते.

आता त्या चार तासांत काय निघालं ते सांगते, कारण जुन्या घरात राहणाऱ्या कितीतरी जणांकडे हेच असेल.

बाथरूममधल्या गीझरची अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्पने बांधलेली होती. इमारत बांधली तेव्हा अशीच पद्धत होती. तो लोखंडी (जीआय) पाइप जमिनीत जायचा, त्यामुळे तोच अर्थिंगचं काम करायचा. पण २०१६ मध्ये गंज धरला म्हणून काकांनी खालपासून पाइप बदलून सीपीव्हीसीचे घातले. प्लास्टिकमधून करंट जमिनीत जाणार कसा? बाथरूमच्या भिंतीतला लोखंडी पाइपाचा तुकडा तेवढा तसाच राहिला, दोन्ही बाजूंनी तुटलेला. गीझरचं कॉइल आतून लीक झालं होतं. ती गळती गीझरच्या पत्र्यातून अर्थिंगच्या तारेत, तारेतून त्या तुकड्यात आणि तिथून नळात येऊन थांबत होती. ओल्या फरशीवर उभा राहून नळ धरणारा माणूस म्हणजे तिला जमिनीत जायला मिळालेली वाट. जी तार माणूस वाचवण्यासाठी घातली होती तीच करंट नळापर्यंत आणत होती. प्लंबरचं काम चोख होतं, पूर्वीच्या वायरमनचंही. फक्त पाइप बदलताना वायरमनला बोलवायला हवं, हे कुणाच्या मनात आलं नाही. तुमच्या इमारतीत लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे घातले असतील तर गीझरच्या अर्थिंगची तार कुठे जाते हे आधी पाहून घ्या.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या सॉकेटची. मिक्सर आणि फ्रिज त्यावर चालायचे. बाजारात तीन दिव्यांचा प्लग मिळतो, सॉकेटमध्ये घातला की वायरिंग बरोबर आहे की नाही ते दिव्यांवरून दिसतं. तो मी आधीच आणून लावून पाहिला होता आणि स्वयंपाकघरात त्याने "बरोबर" दाखवलं होतं. कॉन्ट्रॅक्टरनी बोर्ड उघडला तर अर्थिंगची तार तिथे आलेलीच नव्हती. न्यूट्रलवरून (करंट परत नेणाऱ्या तारेवरून) छोटा तुकडा घेऊन अर्थच्या पिनला जोडून दिला होता. याला लूप म्हणतात. त्या प्लगला न्यूट्रल आणि अर्थ यांतला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो फसला. चालू असेपर्यंत काही जाणवत नाही. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या दारापर्यंत २३० व्होल्ट येतात. आणि आमच्याकडे न्यूट्रल तुटायची सोय करूनच ठेवली होती, कारण जुन्या लाकडी बोर्डावर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना वेगवेगळे किटकॅट (जुन्या पद्धतीचे, चिनीमातीचे) फ्यूज होते. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की घरात अंधार होतो, लाईट गेली असं वाटतं, पण तारांमध्ये करंट तसाच असतो.

फेजच्या फ्यूजमध्ये फ्यूज वायरऐवजी तांब्याचे चार-पाच केस पिळून घातले होते. "आमच्याकडे फ्यूज कधी उडत नाही" असं काका कौतुकाने सांगायचे. त्याचं कारण हे.

मेगरने ५०० व्होल्ट देऊन तारांचं इन्सुलेशन मोजलं. निदान १ मेगओहम हवं असतं, बाथरूमच्या लाईनला ०.२ आलं. बेडरूमची तार ॲल्युमिनियमची निघाली, पण आकडा ४ च्या आसपास आला. "ही वर्ष-दोन वर्षांत बदला, आज धावपळ नको," असं ते म्हणाले. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो इथे. सगळंच बदला म्हणाले असते तर मला शंका आली असती.

काकांशी बोलणं सोपं नव्हतं. "पन्नास वर्षं झाली, कुणाला काही झालं नाही," हे पहिलं वाक्य. मी वाद घातला नाही. दोन पानी अहवाल त्यांच्यासमोर ठेवला आणि लूपचा फोटो दाखवला. काका बँकेतून निवृत्त झालेले, सही-शिक्क्याचा कागद वाचणारा माणूस. त्यांनी रात्री तो वाचला आणि सकाळी वर येऊन म्हणाले, "नळाचं मला आधी का नाही सांगितलंत?" पुढचं काम त्यांच्याच देखरेखीखाली झालं. मागच्या अंगणात पपईच्या झाडाशेजारी अर्थिंगचा खड्डा, तिथून वरपर्यंत नवी तार, बाथरूम आणि स्वयंपाकघराला नवी तांब्याची वायर (गीझरला ४ स्क्वेअर एमएम, सॉकेटला २.५), किटकॅट काढून एमसीबीचा (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) नवा बॉक्स आणि त्यात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच). सगळे मिळून ३१,००० रुपये झाले. त्यातले २२,००० काकांनी दिले, ९,००० आम्ही. नवा गीझर काकांनी वेगळा घेतला. करार नव्याने केला तेव्हा अहवालाची प्रत त्याला जोडली.

एमसीबी आहेत ना, मग आरसीसीबी कशाला, असं काकांनी विचारलं होतं. कॉन्ट्रॅक्टरनी दिलेला हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. अर्थिंगचा रोध ५ ओहम धरा. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. गीझरचा १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे अर्थिंग उत्तम असूनही गीझरच्या पत्र्यावर करंट आला तर एमसीबी लगेच पडेलच असं नाही. एमसीबी तार जळू नये म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी, तो जाणारा आणि परत येणारा करंट यांतला फरक पाहतो. आमचा त्यांनी यंत्र लावून तपासला, २४ मिलिसेकंदांत पडला. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम हातात आल्या आणि जमिनीत काहीच गेलं नाही, तर मात्र त्यालाही काही कळत नाही. म्हणून उघडा बोर्ड हा तेव्हाही धोका होता, आजही आहे.

या दहा महिन्यांत आरसीसीबी तीनदा पडला.

पहिल्यांदा डिसेंबरात. सासूबाईंनी पाणी तापवायची जुनी रॉड बादलीत लावली आणि घरभर अंधार. ही रॉड चार वर्षं वापरात होती, कधी काही झालं नव्हतं. रॉड आधीपासूनच लीक होती, पण आता अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचत होतं, म्हणून गळतीला वाट मिळाली आणि ती पकडली गेली. रॉड त्याच दिवशी भंगारात गेली.

दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये. मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. तो बसवून माणूस गेला आणि तासाभरात आरसीसीबी पडायला लागला. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, तो आरसीसीबी खराब आहे, डायरेक्ट करून देतो." मी नाही म्हटलं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरना बोलावलं. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल वेगळा न ओढता घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळला होता. करंट एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतत होता, त्यामुळे आरसीसीबीला तो गळतीसारखाच दिसत होता. वेगळा न्यूट्रल ओढला, ७०० रुपये गेले, त्रास थांबला. त्या दुपारी उकाड्याने सगळे वैतागले होते आणि नवराही "दोन दिवस डायरेक्ट राहू दे" म्हणत होता. मला नळ आठवला. कितीतरी घरांत आरसीसीबी बसवलेला असतो आणि अशाच एखाद्या दुपारी कायमचा बाजूला केलेला असतो.

तिसऱ्यांदा जुलैत, पावसाची झड चार दिवस लागली होती तेव्हा. सगळे प्लग काढले, सगळे एमसीबी खाली केले, तरी आरसीसीबी वर राहीना. आमच्या बॉक्समधले एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे न्यूट्रल ओलीला टेकला असेल तर एमसीबी खाली करून शोध लागत नाही. वायरमनला यावं लागलं. गॅलरीतल्या दिव्याच्या होल्डरमागे पाणी साचलं होतं. तिथे पाणी न जाणारी पेटी बसवली.

कामातल्या उणिवाही सांगते. अहवाल इंग्रजीत होता, नुसते आकडे आणि खुणा. प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून मी पेन्सिलीने मराठीत लिहिला, तेव्हा काकांना तो वाचता आला. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं. भिंती फोडल्या त्याचं प्लास्टर आम्हाला वेगळं करून घ्यावं लागलं. मेगर लावायच्या आधी सगळी उपकरणं काढायला सांगितली होती, पण हॉलमधला एलईडी दिवा राहिला आणि तो गेला. बॉक्सवर कोणता एमसीबी कशाचा हे लिहिलं नव्हतं, ते माझ्या मुलीने चिठ्ठ्या चिकटवून केलं. आणि वीजबिलात फरक पडलेला नाही.

अर्थिंगचा आकडा (जितका कमी तितका चांगला) नोव्हेंबरात ३.२ ओहम होता. मे महिन्यात परत मोजून घेतला तर ६.५ आला, कारण माती कोरडी पडली होती. तेव्हापासून उन्हाळाभर काकू पपईला पाणी घालताना एक बादली खड्ड्यात ओततात. आरसीसीबीचं टेस्टचं बटण मी दर महिन्याच्या एक तारखेला दाबते. बटण दाबून तो पडला म्हणजे आतली यंत्रणा चालू आहे एवढंच समजायचं. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटण दाबल्यावर तो पडतोच, त्यामुळे बटणावर विसंबून मोजणी टाळता येत नाही. पुढची मोजणी दिवाळीनंतर आहे, तेव्हाच बेडरूमची ॲल्युमिनियमची तार बदलायची असं काकांशी ठरलं आहे.

खालच्या मजल्याची तपासणी काकांनी तेव्हा करून घेतली नव्हती. "माझ्याकडे कधी झिणझिण्या आल्या नाहीत," म्हणाले होते. ऑगस्टमध्ये स्वतःहून म्हणाले, "त्या माणसाला परत बोलवा." त्यांच्या गीझरची तारही तशाच तुटलेल्या पाइपाच्या तुकड्याला बांधलेली निघाली. कॉइल अजून शाबूत होतं म्हणून नळाला काही येत नव्हतं. काम या आठवड्यात सुरू झालं आहे, आणि तोवर काका-काकू आंघोळीचं गरम पाणी आमच्याकडून नेतात.