पानामागे पैसे की महिन्याला? घरून सेक्रेटरीचं काम निवडताना

धाकटी पहिलीत गेली तेव्हा मला नोकरी सोडून ९ वर्षं झाली होती. त्याआधी नागपूरला सीताबर्डीच्या एका खासगी ऑफिसात मी स्टेनो होते. मिनिटाला शब्द म्हणाल तर टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०, शॉर्टहँड १००, सगळी सर्टिफिकेटं फायलीत लावलेली. पुन्हा काम करायचं तर घरूनच, एवढं नक्की होतं. कसलं काम, ते ठरत नव्हतं. वर्षभर वकिलांचं टायपिंग केलं, पानाच्या दरानं. मग एका ऑफिसचा पत्रव्यवहार, अपॉइंटमेंटा आणि बिलांचा पाठपुरावा घेतला, महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर. आता मावसबहीण हाच प्रश्न घेऊन माझ्यापुढं बसली आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

नागपुरात वकिलांचं काम शोधावं लागत नाही, तेच शोधत येतं. हायकोर्टाचं खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हा न्यायालयही तिथंच. शेजारच्या काकूंच्या वकील पुतण्याला एकदा १२ पानं टाइप करून दिली आणि महिन्याभरात चार वकिलांकडं माझा नंबर पोचला. त्यात आमच्यासारख्या जुन्या हातांना एक फायदा आहे. हायकोर्टात याचिका इंग्रजीत असते, पण तिला जोडायचे कागद मराठी. पंचनामे, फेरफार, हातानं लिहिलेले जबाब, तेही झेरॉक्सची झेरॉक्स. त्यांची वाचता येईल अशी टाइप केलेली प्रत लागते, भाषांतर लागतं. नवी मुलं माझ्यापेक्षा भराभर टाइप करतात, पण हवालदाराचं अक्षर लावता लावता रडकुंडीला येतात. माझ्याकडं आलेल्या एका पंचनाम्यात शेताची चतुःसीमा होती, ‘पूर्वेस धुरा’. आधीच्या टायपिस्टनं ‘पूर्वेस धूर’ करून ठेवलं होतं. शेताच्या बांधाला धुरा म्हणतात हे ज्याच्या कानावरूनच गेलं नाही, त्याला आग लागल्यासारखं वाटणारच. असल्या पानांना वकील घासाघीस करत नाहीत, निदान माझ्याशी कुणी केली नाही.

फॉन्टचा त्रास आहे, पण त्यावर रडण्यात अर्थ नाही. अर्ध्या वकिलांच्या जुन्या फायली कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत असतात. त्या आपल्याकडं उघडल्या की पानभर गिचमिड दिसते, आणि कन्व्हर्टरमधून काढलं की रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. मशीनवर शिकलेल्या बायकांनी घाबरून सगळं नव्यानं शिकू नये. रेमिंग्टनच्याच बोटांनी, म्हणजे टाइपरायटरच्या कळांच्या जुन्याच मांडणीनं, कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणारं युनिकोड लिहिता येतं. मला जुना वेग परत यायला तीन आठवडे लागले. शॉर्टहँड मात्र गेलं ते गेलंच. आता सगळे व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवतात, त्यामुळं अडलंही नाही.

आता वकिलांच्या कामात मला नडलं ते सांगते. दर नडला नाही, काम किती वाजता येतं ते नडलं.

वकील दिवसभर कोर्टात. संध्याकाळी साडेसहा-सातला चेंबरला येणार, पक्षकारांना भेटणार, मग फाइल उघडणार. माझी पोरं सकाळी साडेदहा ते साडेचार शाळेत. त्या सहा तासांत घर एवढं शांत की नळाचा थेंब ऐकू यावा, आणि माझ्या मेलवर काहीही नाही. संध्याकाळी कुकर लावला की पहिला फोन. “ताई, उद्या सुनावणी आहे, बोर्डावर लागलं आहे, आज रात्री देऊन टाका ना.” ते देऊन टाकलं की साडेनऊला दुसरा. “ताई, बस एक छोटीशी करेक्शन.” परिच्छेद ७ काढायचा. आता ७ काढला की ८ चा ७ होतो, ९ चा ८. पुढं जिथं जिथं ‘वर परिच्छेद ११ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ आहे तिथला आकडा बदलतो. एक पान कमी होतं, म्हणून जोडपत्रांचे पान क्रमांक सरकतात, म्हणून अनुक्रमणिका पुन्हा. तासभर जातो, आणि पान तर एक कमीच झालेलं, मग पैसे कशाचे मागायचे? मी एकदा दुरुस्तीचे वेगळे मागून पाहिले. वकीलसाहेब भले माणूस, हो म्हणाले, दिलेही. पण रात्रीच्या साडेनऊचे काही सकाळचे साडेअकरा झाले नाहीत.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, “पोट्ट्यायले जेवू घाल आधी. कोर्ट काही पळून नाही चाललं.” एके रात्री धाकटी ताटावरच झोपली, हातात पोळीचा तुकडा तसाच. मी आतून ‘आले, आले’ म्हणत होते. पोरांसाठी नोकरी सोडली होती आणि घरात राहून त्यांचाच वेळ वकिलांना दिला होता.

त्यानंतर पुण्याच्या एका आर्किटेक्ट मॅडमकडचं काम घेतलं. ओळखीतूनच मिळालं. अनोळखी जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. ‘घरबसल्या टायपिंग’ म्हणून जो आधी डिपॉझिट मागतो, तो काम देणारा नसतो. ठरलं ते असं, की सकाळी अकरा ते अडीच मी त्यांची. मेल वाचून लावणं, साइटवाल्यांच्या भेटी ठरवणं, कोटेशनं, मीटिंगचं इतिवृत्त, आणि थकलेल्या बिलांसाठी फोन. एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट केली. मेलचा पासवर्ड चालेल, बँकेचा नको, आणि ओटीपी तर मुळीच विचारायचा नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर संशय आपल्यावर नको. उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तेव्हाच केली, ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पैसे घेऊन करून देणारे पुष्कळ भेटतील.

पैशाचं म्हणाल तर चांगल्या महिन्यात वकिलांकडून जास्त मिळत होते. पण कोर्टाला उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी लागली की आपल्यालाही सुट्टी, आणि ती बिनपगारी. महिन्याच्या कामात आकडा लहान, पण १ तारखेला माहीत असतो.

हेही काम गोड नाही. वसुलीचे फोन मला अजून जड जातात. समोरचा ‘बोलतो साहेबांशी’ म्हणून ठेवतो आणि आपण वहीत तारीख लिहितो. मे महिन्यात तर विचारू नका. कूलर चालू असला तर समोरच्याला वाटतं मी पिठाच्या गिरणीतून बोलते आहे. म्हणून आधी कूलर बंद, मग फोन, आणि तिसऱ्या फोनपर्यंत कोपराखालचा कागद घामानं चिकटलेला. जूनमध्ये आणखी एक गंमत. पुण्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भातल्या उन्हामुळं महिना संपत आल्यावर. मॅडम पहिल्या वर्षी म्हणाल्या, “आता शाळा सुरू झाल्या, जरा वेळ वाढवाल?” माझ्या मागं दोघं एकाच सायकलीवरून भांडत होते.

शिवाय अकरा म्हणजे अकरा. पानाच्या कामात एखाद्या दिवशी नाही म्हणता येतं, इथं येत नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांचा दिवस कधी कसा उजाडेल सांगता येत नाही, त्यांना हे काचेल. त्यांना कदाचित वकिलांचंच बरं पडेल. मला मात्र अडीचला लॅपटॉप मिटता येतो, आणि साडेचारला फाटकाशी जाऊन उभी राहते तेव्हा डोक्यात कुणाचा परिच्छेद ७ नसतो. यावर मी भाळले असेन, तेव्हा माझं मत जरा बेतानंच घ्या.

वकिलांचं अगदी सोडलं असंही नाही. त्या पंचनाम्यांची चटक लागलेली आहे. एका साहेबांकडच्या फक्त जोडपत्रांच्या प्रती करते. कागद सकाळी येतात, आणि दोन दिवसांची मुदत असते.

मावसबहिणीला म्हटलं, पहिल्या फोनवर दराचं काढू नकोस, काम साधारण किती वाजता पाठवाल ते विचार. तिनं माझ्यासमोरच एका वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, संध्याकाळी सातनंतरच धरून चाला.” मी मान हलवून नको म्हणत होते. पण तिचा एकच मुलगा, तो बारावीत. सहा ते नऊ क्लासला असतो आणि तोवर ती घरात एकटी टीव्ही बघत बसते. फोनवर हात ठेवून मला म्हणाली, “अगं, मला तर हीच वेळ हवी आहे,” आणि तिकडं हो म्हणून मोकळी झाली.