उठावरेषेचा ड्रॉइंग बोर्ड: चित्रकलेच्या तासाला खरंच चालतो का?

दृष्टिहीन मुलांना चित्र काढता यावं म्हणून मिळणारा हा बोर्ड दिसायला अगदी साधा आहे. ए-४ पेक्षा थोडी मोठी पाटी, तिच्यावर रबराचा थर, वर कागद धरायला क्लिप. त्यावर पातळ प्लॅस्टिकची फिल्म लावायची आणि बोथट टोकाच्या पेनाने रेघ ओढायची. मऊ रबरावर फिल्म ताणली जाते, चुरगळते आणि रेघ आपल्याच बाजूला वर येते. मूल ती काढता काढता बोटाने वाचू शकतं. ब्रेल पाटीवर स्टायलसने, म्हणजे टोचणीने, टोचलं की ठिपके उलट बाजूला उमटतात, म्हणून लिहावं लागतं उजवीकडून डावीकडे. इथे ती भानगड नाही, आणि या बोर्डाचा सगळ्यात मोठा गुण हाच. उलटं चित्र डोक्यात धरून काढायचं म्हटलं तर डोळस माणूसही गोंधळेल.

हा बोर्ड निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. परदेशी संच महाग पडतात. पाटीपेक्षा रबर आणि फिल्म यांची जोडी जमली आहे का, ते आधी बघावं. रबरावर नख दाबा. खळगा पडून लगेच भरून आला पाहिजे. रबर कडक असेल तर रेघ वर न येता नुसता ओरखडा उमटतो. फार मऊ असेल तर पेन रुततं आणि फिल्म टरकन फाटते. घरगुती पर्याय म्हणून फोमची शीट वापरतात, पण तिच्यावर पडलेले खळगे तसेच राहतात, मग आठवड्याभरात नवी रेघ जुन्या खळग्यात अडखळते. जुना माउसपॅड रबराची बाजू वर करून वापरला तर त्याहून बरा चालतो.

रबर काळं असेल तर उत्तम. ताणलेल्या जागी फिल्म पांढरट होते, त्यामुळे काळ्यावर रेघ उठून दिसते. त्याचा उपयोग अंशतः दृष्टी असलेल्या मुलांना होतो आणि शिक्षकांनाही. फिल्मवर शाई ठरत नाही, बोटांना लागते आणि चित्रभर पसरते. म्हणून संपलेल्या रिफिलचं बॉलपेन सगळ्यात चांगलं. संचातली टोकदार स्टायलस पहिले काही तास कपाटातच ठेवा.

पहिल्या तासाला फूल, घर, झाड काढायला सांगू नका. पट्टीला धरून आडवी रेघ, मग उभी, मग पट्टीशिवाय. उजव्या हातात पेन आणि डाव्या हाताची तर्जनी पेनाच्या लगेच मागे, ही जोडी बसेपर्यंत बाकी काही नको. दुसरी अडचण आकार बंद करण्याची: मूल चौकोन काढायला निघतं आणि शेवटची बाजू सुरुवातीच्या बिंदूपासून दोन बोटं लांब जाऊन थांबते. त्यासाठी सुरुवातीच्या जागी कपाळाला लावायची टिकली चिकटवा. बोटाला ती पटकन सापडते आणि काढली की फिल्मला काही होत नाही. कोपऱ्यावर पेन न उचलता वळवलं तर फिल्म तिथेच फाटते, म्हणून थांबा, उचला, पुन्हा टेकवा. वर्तुळासाठी बांगड्या आणि डब्यांची झाकणं ठेवा. संचातल्या कंपासची सुई फिल्ममधून रबरात शिरते आणि पाटीच्या मध्यावर भोकांची चाळण होते. कंपास वापरायचाच असेल तर केंद्रावर आधी चिकटपट्टीचे दोन थर द्या.

बोटाच्या टोकाला दोन बिंदू वेगळे कळायला त्यांच्यात साधारण २ ते ३ मिमी अंतर लागतं. त्याहून जवळच्या रेघा एकच जाड रेघ वाटतात. म्हणून दोन रेघांत ५-६ मिमी जागा सोडायची. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असल्या तरी त्या शोभेच्या. अर्ध्या सेंटिमीटरपलीकडची अचूकता मुलाकडून मागू नये. शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरीतले भूमिती आणि अक्षरलेखन हे भाग या बोर्डावर समजावून देता येतात, संकल्पचित्राचा आराखडाही जमतो. अक्षरलेखनाचा फायदा परीक्षेच्या बाहेरही आहे. ब्रेल वाचणाऱ्या मुलाला देवनागरी ‘अ’ कसा वळतो हे कळतं आणि बँकेत अंगठ्याऐवजी सही करता येते. केवळ या एका कारणासाठीही बोर्ड घ्यावा असं आमचं मत आहे.

वस्तुचित्राला मात्र बोर्ड तोकडा पडतो. दोष अर्धा बोर्डाचा, अर्धा शिकवणाऱ्याचा. मूल टेबल काढतं ते वरचा चौकोन आणि चारही बाजूंना पसरलेले चार पाय असं. हाताने टेबल तसंच कळतं, त्यामुळे हे चित्र चूक नाही. शिक्षक त्यावर डोळ्याला दिसणारं टेबल गिरवून घेतात आणि तिथे मुलाचा रस संपतो. यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान असं डोळ्याला दिसतं तसं काढणं, दृष्टिहीनांना अशक्य आहे असंही नाही. तुर्कस्तानचे जन्मांध चित्रकार एश्रेफ अर्माआन उठावाच्या रेघांनी आराखडा काढून मग बोटांनी ॲक्रिलिक रंग लावतात आणि त्यांच्या चित्रांत खोली असते. पण तिथवर जायला मुलाला आधी स्वतःच्या हाताला जसं कळतं तसं चित्र काढू द्यावं लागतं.

छटा, रंगाचे पृष्ठभाग, घनता यांपैकी काहीच या बोर्डावर होत नाही. त्यासाठी कातरकाम-कोलाजकडे वळा: कॉरुगेटेड पुठ्ठा, सॅंडपेपर, खादी, गुळगुळीत आर्टपेपर. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी दृष्टी गेल्यावर कागदाची कोलाज केली, तेव्हा हा काही कमी दर्जाचा मार्ग नव्हे.

लहान मुलांसाठी तर आम्ही या बोर्डाच्या आधी जाळीची पाटी सुचवू. साधारण ३० × ४० सेंमीचा जाड पुठ्ठा, त्यावर खिडकीला लावतात ती डासांची जाळी ताणून बसवायची आणि चारी कडा रुंद टेपने झाकायच्या, नाहीतर तारा बोटांत घुसतात. वर साधा कागद आणि मेणाचा खडू. जाळीमुळे रेघ खरबरीत उमटते आणि बोटाला कळते. खर्च किरकोळ. शिवाय खरा रंग उमटतो, म्हणून घरी नेलं की आईला दिसतं, हेही मुलाला महत्त्वाचं असतं. खडू तिरका आडवा धरला तर पृष्ठभागही भरता येतो, जे महागड्या बोर्डाला जमत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा नसलेल्या, मुलाला बोर्ड तसाच दिला तर टेबलावर फिरत राहतो. खाली न सरकणारी मॅट घाला आणि मुलाकडची कड थोडी खाली येईल असा उतार द्या. पेन जाड करायला एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम बोटभर कापून चढवा. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो.

खोडणं ही यातली खरी डोकेदुखी. फिल्म कडक फरशीवर उलटी ठेवून चमच्याच्या पाठीने घासली तर रेघ बसते, पण माग उरतो. मुलांना ‘ही रेघ रद्द’ अशी एक ठरलेली खूण शिकवणं सोपं, उदाहरणार्थ तिच्यावर तीन आडवे छेद. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, फिल्म रबराला चिकटून सुरकुतते. रबरावर टाल्कम पावडरचा अगदी पातळ हात फिरवा. झालेली चित्रं एकावर एक रचून वर वह्या ठेवल्या तर रेघा दबतात. मध्ये कागद घालून उभी ठेवा. बोर्ड उन्हात ठेवू नका, रबर कडक होतं.

दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६ च्या कलम २९ मध्ये कलाविषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना सहभागी होता येईल असे बदलण्याची तरतूद आहे. त्याचा आधार घेऊन शाळा बोर्डासाठी पैसे मागतात, तेही मिळतात, आणि फिल्मचा हिशेब मात्र कोणी केलेला नसतो. आठवड्याला दोन तास, तासाला तीन फिल्म, वर्षाचे ३० आठवडे: एका मुलाला १८० फिल्म. संचाबरोबर येतात त्या यापुढे काहीच नाहीत. म्हणून दहा बोर्ड मागवण्यापेक्षा पाच बोर्ड आणि वर्षभराच्या फिल्म मागवा, दोन मुलांत एक बोर्ड चालतो. विक्रेत्याकडून फिल्म सुटी मिळते का आणि तिची जाडी तीच असते का, हे ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या, कारण जाड फिल्म आली तर त्याच रबरावर रेघ उठत नाही.