नाण्यांवर चालणारं स्पायरल व्हेंडिंग मशीन: काही महिने वापरल्यानंतर

मशीन दणकट आहे, मोटारी त्रास देत नाहीत. तरी विकत घेण्याआधी फेरीचा, म्हणजे माल भरायला आणि पैसे काढायला मारायच्या खेपेचा, हिशेब मांडाच. मशीन जिथे ठेवता त्या जागामालकाचं कमिशन विक्रीवर असतं, नफ्यावर नाही. 100 च्या विक्रीत मालावर 30 सुटत असतील आणि कमिशन 10 टक्के असेल, तर एक तृतीयांश मिळकत तिथेच गेली. राहिलेल्या 20 मधून वीज, मुदत संपलेला माल, दुरुस्ती आणि फेरी. एका फेरीला 200 खर्च येत असेल, तर पहिली 1000 ची विक्री फक्त ती फेरी भरून काढते.

फेरी कधी करायची हे सगळ्यात आधी रिकामा होणारा स्पायरल (फिरून पुडे पुढे ढकलणारी तारेची गुंडाळी) ठरवतो. 10 वेढ्यांच्या स्पायरलमध्ये 10 च पुडे बसतात, म्हणून जास्त खपणाऱ्या मालाला दोन-तीन स्पायरल द्या आणि पडून राहणारा माल काढून टाका. वेढ्यांतल्या अंतराच्या मानाने पुडा फार बारीक असेल तर तो कलतो आणि पडताना अडकतो. जाड असेल तर रुततो. पुडा पडल्याचं सेन्सरला कळलं नाही, तर मोटार पुन्हा फिरते आणि दुसरा पुडा फुकट जातो. सेन्सरची काच दर फेरीला पुसा.

खरी डोकेदुखी कॉइन मेकची, म्हणजे नाणी ओळखून सुटे परत देणाऱ्या यंत्रणेची. परतीच्या नळ्यांतली लहान नाणी आधी संपतात, मशीन फक्त नेमके पैसे मागू लागतं आणि गिऱ्हाईक निघून जातं. माल भरलेला असूनही विक्री पडली, तर आधी नळ्या बघा. दर फेरीला नळ्या ठरलेल्या पातळीपर्यंतच भरा. मग गल्ल्यातली रक्कम विक्री मोजणाऱ्या मीटरच्या आकड्याशी ताडून बघता येते, चोरी किंवा बिघाड लगेच कळतो. चांगली नाणी परत येऊ लागली की नाण्याचा मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल अजिबात नको, त्यावर धूळ चिकटते.

थंड पेयांचं मॉडेल असेल तर कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) जाळी महिन्यातून एकदा झाडा. ती तुंबली की कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि वीज वाढते.

शेजारी जुगाराचं मशीन ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. माल भरायचा नाही, मुदतीची चिंता नाही. 90 टक्के परतावा, म्हणजे लावलेल्या 100 पैकी सरासरी 90 परत, ऐकायला उदार वाटतो, पण परत मिळालेली सगळी नाणी खेळणारा पुन्हा पुन्हा लावत राहिला, तर 10 वेळा खेळून झाल्यावर 100 चे सरासरी 35 उरतात. गेलेले 65 ही चालकाची कमाई. शिवाय अनेक ठिकाणी त्याला परवाना लागतो किंवा बंदीच असते. मी ते ठेवणार नाही.