लहान मुलांच्या घरात गोधडी: 'एकेक चौकोन' पद्धत, रोटरी कटर आणि वॉकिंग फूट, आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लहान मुलांच्या घरात गोधडी अडते ती जागेपाशी. अस्तर जमिनीवर ताणायचं, त्यावर भर, वर तुकडे, मग कच्चे टाके. हे एका बैठकीत उरकावं लागतं आणि तोवर त्यावरून कुणी चालायला नको. दीड-दोन वर्षांचं मूल घरात असताना ते होणं नाही. म्हणून अख्खी गोधडी न पसरता प्रत्येक चौकोन अस्तर आणि भरासकट पुरा करायचा आणि शेवटी चौकोन जोडायचे, ही पद्धत धरली. बाकी सामानाबद्दल मतं मागेपुढे झाली, पद्धतीबद्दल झालं नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हीच धरा.

हिशेब मुलाच्या पांघरुणाचा, म्हणजे साधारण साडेएक्केचाळीस बाय ५२ इंचांचा देते. तयार मापाने १० इंचांचे २० चौकोन, आडवे चार, उभे पाच. अस्तराला ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड सव्वादोन मीटर, भराला ६० इंच पन्ह्याचं पातळ वॅडिंग (आत भरायची मऊ चादर, १०० ते १२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) सव्वा मीटर, वरच्या पट्ट्यांसाठी वेगवेगळ्या रंगांचं मिळून अडीच मीटर, चौकोन जोडायच्या पट्ट्यांना पाऊण मीटर आणि गोटाला (बाहेरच्या कडेच्या पट्टीला) अर्धा मीटर. सुती कापड आधी धुऊन घ्या. लाल, मरून आणि निळीचा रंग वेगळा भिजवून सोबत पांढरा चिंधा टाकला की रंग जातो का ते लगेच कळतं. जुनी सुती साडी वापरायची असेल तर ती उजेडासमोर धरून विरलेला भाग वगळा. उरलेल्याला कापण्यापूर्वी हलकी खळ द्या, नाहीतर मऊ कापड रोटरी कटरखाली (चाकासारख्या फिरत्या पात्याच्या चाकूखाली) सरकतं.

अस्तर आणि भर यांचे साडेअकरा इंचांचे चौकोन कापायचे. पट्ट्या सव्वातीन बाय साडेअकरा, चौकोनाला चार. भरावर पहिली पट्टी सुलट कडेला ठेवायची, दुसरी तिच्यावर उलटी, आणि पाव इंच माया (शिलाईबाहेरची कड) ठेवून तिन्ही थरांतून एकच शिलाई मारायची. पट्टी उलटून नखाने दाबायची, मग तिसरी, मग चौथी. शिवणं आणि गोधडीची टीप एकाच वेळी होते. यंत्रावर तीन शिलाया, जेमतेम पंधरा मिनिटं. दुसऱ्या शिलाईनंतर उठावं लागलं तरी काही बिघडत नाही. शिवताना कापड थोडं आत ओढलं जातं, म्हणून पुरा झालेला चौकोन शेवटी साडेदहा इंचांवर छाटायचा. त्यामुळे मायेत सूतभर इकडेतिकडे झालं तरी चालतं, आणि थकलेल्या रात्री शिवणाऱ्या माणसाला ही सवलत फार मोठी आहे. कडेच्या दोन पट्ट्या मधल्यांपेक्षा जराशा अरुंद दिसतात, तेवढं मान्य करावं लागतं.

वॉकिंग फूट, म्हणजे यंत्रावर कापड दाबून धरणाऱ्या साध्या फूटऐवजी बसवायचा खास फूट, घ्यायचाच. साध्या फूटखाली खालचे दाते अस्तर पुढे नेतात, वरचं कापड मागे राहतं आणि चौकोनाच्या शेवटी चुणी साचते. वॉकिंग फूटला वरूनही दाते असतात. बसवताना बाजूचा दुबेळका दांडा सुईच्या स्क्रूवर नीट चढवा. तो खाली राहिला तर वरचे दाते हलतच नाहीत आणि 'फूट बेकार' असा समज होतो. आपलं यंत्र लो शँक आहे की हाय शँक (फूट बसवायचा दांडा आखूड की उंच), हे घेण्यापूर्वी पाहा. सुई १४ नंबरची, टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर. अडीचच्या टाक्याने भरलेलं कापड आक्रसतं. खालच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी दिसल्या तर बॉबिनला हात लावण्याआधी वरचा दोरा काढून, फूट वर असताना, पुन्हा ओवा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

रोटरी कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणला. कात्रीने दोन तासांचं काम त्याने अर्ध्या तासात होतं, हे खरं. ४५ मिमीचं पातं पुरतं, ६० ची गरज नाही. चार थरांपलीकडे जाऊ नका. ४४ इंच पन्हा दोनदा दुमडला की ११ इंच होतो आणि कापताना खाली ठेवायच्या ए३ मॅटवर मावतो. मात्र घडी कडेशी काटकोनात नसेल तर पट्टी उलगडल्यावर घडीपाशी बाक दिसतो. दर तीन-चार पट्ट्यांनंतर कड पुन्हा सरळ करून घ्या. मध्येच एखादा धागा न कापता सुटायला लागला की पातं संपलं. वॅडिंग कापल्याने ते लवकर बोथट होतं, म्हणून वॅडिंगला जुनं पातं ठेवा. ए३ मॅट कपाटाच्या मागे उभी मावते, मोठी ए२ मावत नाही आणि मग ती बाहेर राहते. मॅटवर इस्त्री कधीच नको आणि उन्हात, गाडीतही नको. एकदा पोक आलं की ती पूर्वीसारखी सपाट होत नाही.

मुलांच्या दृष्टीने कटर हा घरातला सगळ्यात धोक्याचा नग आहे. मूठ सोडली की पातं आपोआप आत जाणारा प्रकारच घ्या, थोडा महाग पडला तरी. वापरलेली पाती औषधाच्या रिकाम्या डबीत घालून चिकटपट्टी लावा, तशीच कचऱ्यात टाकू नका. टाचण्यांऐवजी प्लॅस्टिक क्लिपा बऱ्या, कारण जमिनीवर पडली तरी दिसते. पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात क्लिपही जाते, म्हणून काम संपलं की मोजून डब्यात. विजेच्या मशीनचं पेडल जमिनीवर सोडून उठू नये. रांगणाऱ्या मुलाचा हात त्यावर पहिला पडतो. प्लग काढून पेडल टेबलावर ठेवायचं.

रात्री दमल्यावर कापायला बसू नका. रविवारी दुपारी कुणी मुलांना बाहेर नेलं तर त्या वेळात फक्त कापणं उरका आणि २० पुडकी बांधा: एक अस्तर, एक भर, चार पट्ट्या लावायच्या क्रमाने, वर एक क्लिप. आतून १२ इंच भरेल अशा चपट्या झाकणाच्या खोक्यात ही सगळी बसतात. आठवड्यातल्या रात्री मग नुसतं पुडकं उचलायचं. रंगांचा क्रम लावायचं काम चार वर्षांचं मूल आनंदाने करतं आणि ते खरोखर चांगलं करतं.

जोडणी हाच या पद्धतीचा सगळ्यात किचकट भाग. वरून एक इंच रुंदीची पट्टी (भर जाड असेल तर एक इंच एक सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), खालून पावणेदोन इंचांची पट्टी उभी दुमडून. पहिल्या चौकोनाच्या एकाच कडेला वरची सुलटाला, खालची अस्तराला लावून दोन्ही एका शिलाईत शिवायच्या. वरच्या पट्टीची दुसरी कड पुढच्या चौकोनाला शिवायची. खालची तेव्हा बाजूला ठेवायची. मग खालची पट्टी जोडावरून ओढून हाताने तुरपाई. ओळीतली तुरपाई पूर्ण झाल्याशिवाय ओळी एकमेकींना जोडू नका, नाहीतर उघडं टोक आत अडकतं. ही तुरपाई मात्र मुलं खेळत असताना शेजारी बसून होते. सुया मोजून घ्यायच्या, मोजून ठेवायच्या.

खुणांच्या पेनांबद्दल समाधान नाही. पाण्याने जाणारी निळी खूण धुण्याआधी इस्त्रीखाली आली तर कायमची बसू शकते. जांभळी आपोआप जाते, पण पावसाळ्याच्या दमट हवेत काम संपण्याआधीच. शिंप्याचा खडू सगळ्यात भरवशाचा.

गोटाला अडीच इंच रुंदीच्या पाच पट्ट्या लागतात. घेर १८७ इंच आहे, जोड तिरके घातल्यावर जेमतेम पुरतो, म्हणून सहावी पट्टी कापून ठेवा. तयार पांघरूण सहा-सात किलोच्या मशीनमध्ये थंड पाण्यात, हलक्या चक्रावर निघतं. पॉलिएस्टर वॅडिंग पावसाळ्यातही पंख्याखाली वाळतं. आत जुन्या साड्यांचे थर असतील तर आतून ओल राहते आणि वास धरतो. तशी गोधडी दिवाळीनंतरच धुवा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी हे पांघरूण सैल ठेवू नका. तोपर्यंत जागेपणी, समोर कुणी असताना, खेळायला खाली अंथरा.