मोठं धरण की गावचा तलाव: गळ टाकण्याआधी परवानगीचं बघा

दसरा झाला, पाणी निवळायला लागलं की शाळेतले दोघं-तिघं सहकारी मला दरवर्षी एकच प्रश्न विचारतात. "सर, काठी घेतली, रीळ घेतलं. आता बसायचं कुठं? येलदरीसारख्या मोठ्या धरणावर, की गावाजवळच्या तलावावर?"

मी परभणी जिल्ह्यात नोकरीला आहे आणि दोन्हीकडे बसलेलो आहे. आधी चार वर्षं मोठ्या धरणावर, त्यानंतर आतापर्यंत तलावावर. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) किती जाडीचा, शिसं किती वजनाचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही. मासा दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो परवानगीत, आणि त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

आपल्याकडे पाणी सरकारचं असलं तरी त्यातला मासा धरायचा हक्क बहुतेक ठिकाणी आधीच कुणाला तरी दिलेला असतो. धरण जलसंपदा खात्याचं, पण मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. जिल्हा परिषदेचे आणि ग्रामपंचायतीचे लहान तलावही असेच ठेक्यानं जातात. हौशी माणसानं एक कार्ड काढावं आणि मराठवाड्यात कुठल्याही पाण्यावर बसावं, अशी सोय मला इतक्या वर्षांत मिळालेली नाही. ज्या पाण्यावर बसायचं, त्या पाण्याच्या ठेकेदाराची संमती घ्यायची, हाच खरा परवाना.

ही संमती का मागायची, ते तलावावर लवकर कळतं. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे तलावातला जवळजवळ प्रत्येक कटला कुणीतरी बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लू, असताना विकत आणून सोडलेला असतो. भोई समाजातली दहा-वीस घरं पैसे गोळा करतात, मत्स्यबीज आणतात, वर्षभर राखण करतात, आणि पाऊस दगा देईल की काय या काळजीत असतात. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अशा वर्षी पाण्याबरोबर संस्थेनं सोडलेलं बीजही जातं, पण त्याची बातमी होत नाही. हे समजल्यापासून पावतीचे पैसे देताना माझा हात कधी आखडला नाही.

आता धरणाची बाजू. पाण्याचा पसारा मोठा, खोली मोठी, आणि उन्हाळ्यातही बऱ्यापैकी साठा टिकतो. वजनदार कटला, लांब मिशांचा शिंगाडा, खडकाच्या कपारीतली वाम, हे वैभव तलावात दिसणार नाही. मला मिळालेला सगळ्यात मोठा मासा धरणावरचाच आहे. दोरा सरसर सुटत होता आणि रिळावर ठेवलेलं बोट भाजत होतं, ते अजून आठवतं. मोठ्या माशाची ओढ अनुभवायची असेल तर धरणाला पर्याय नाही, हे मोकळेपणानं मान्य करतो.

पण मला धरण सोडायला लावलं ते एका कटकटीनं. मासा न मिळण्याचा त्यात काही संबंध नाही.

कोणतं धरण ते सांगत नाही, कारण तिथला कुणीच माणूस वाईट नव्हता. मी आठवड्याच्या मध्ये अर्धी रजा टाकून तालुक्याला गेलो, अर्ज दिला, पोच घेतली, संस्थेच्या कार्यालयात पैसे भरून पावती फाडली. रविवारी पहाटे साडेपाचला काठावर पोचलो. पेंडीचा चारा टाकून बसलो आणि अर्ध्या तासात थर्माकोलच्या तराफ्यावरून एक जण जवळ आला. "दादा, पावती बघू." पाहिली आणि म्हणाला, "ही त्या काठाच्या संस्थेची हाय. हितलं पाणी आमच्याकडं." उठलो. सामान गोळा करून भिंतीच्या बाजूला आलो, तर चौकीदारानं सांगितलं की भिंतीजवळ आणि दारांच्या खाली कुणालाच बसता येत नाही. तेही बरोबरच आहे. दारं उघडली की खाली उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. मग दोन किलोमीटर चालून एका खाडीसारख्या कोपऱ्यात गेलो. तिथं कंडाळी, म्हणजे पाण्यात उभी ताणलेली, जाळी लावलेली होती. माझा गळ एका जाळ्यात अडकला, आणि ज्याचं जाळं होतं तो बिचारा हळहळत आला. "सर, आमचं पोट याच्यावरच हाय." मी त्याला फाटलेल्या जाळ्याचे पैसे दिले. दहा वाजले होते, ऊन तापलं होतं, मासा चाऱ्यावरून हटला होता.

असं त्या हंगामात तीनदा झालं. प्रत्येक वेळी माझ्याकडे पावती होती आणि प्रत्येक वेळी मला उठवणारा आपल्या जागी बरोबर होता. अडचण एवढीच की पावती देणारा एक, काठावर विचारणारा दुसरा, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. पाण्याचा मालक एक विभाग, माशाचा दुसरा, ठेका दोन-तीन संस्थांत वाटलेला, आणि कचेऱ्या उघड्या सोमवार ते शुक्रवार. माझ्यासारख्याला सुट्टी असते रविवारी. मासा लागला नाही तरी मी समाधानानं घरी येतो. पण भल्या पहाटे चोरासारखं हटकलं जाणं मनाला लागतं, आणि तेही रीतसर पैसे भरल्यावर.

गावतलावावर हा सगळा पसारा एका माणसात मावतो. आमच्या तलावाच्या संस्थेचे सचिव गावातच राहतात, आणि राखणीला त्यांचे एक वयस्कर मामा असतात. शनिवारी संध्याकाळी मामांना फोन करायचा. सकाळी गेलं की ते काठावर हजर, पावती तिथंच फाडतात. एका गळाचे दिवसाला शंभर रुपये देतो. तुमच्याकडे दर वेगळा असेल, काही संस्था हौशी माणसाला नाहीच म्हणतात, आणि ते त्यांनी म्हणावं. आमच्याकडचे नियम मामांनी पहिल्याच दिवशी तोंडी सांगितले. माणशी दोन गळ. वीतभर लांबीच्या आतला मासा परत पाण्यात. जनावरं पाण्यावर येतात त्या बाजूला बसायचं नाही. आणि मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत गळ बंद.

शेवटचा नियम मला आधी पटला नव्हता. कटला तिथं अंडी घालतच नाही, मग बंदी कशाला, असं मी विचारलं. मामा म्हणाले, "सर, मरळ काठच्या गवतात पिल्लं राखत बसती. तिला काढली की पिल्लांचा फडशा. आन् नवी बोटुकली बी त्याच टायमाला सोडतो आम्ही." पुढच्या श्रावणात त्यांनी मला ते दाखवलं. लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात वळवळत होता आणि खाली काळी सावली फिरत होती. त्यानंतर मी हा प्रश्न विचारला नाही.

तलावाचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर माझा सल्ला एकांगी होईल. होळीनंतर पाणी झपाट्यानं उतरतं आणि चैत्रात काठावर पाऊलभर चिखल असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर संस्था ओढजाळं लावून बहुतेक मासा काढते. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही गेलात तर दिवसभरात चिलापीखेरीज (तिलापिया मासा) काही लागणार नाही. चिलापी तर एरवीही त्रास देते, कणकेचा गोळा तळाला पोचू देत नाही. ठेक्याची मुदत संपली की नवा ठेकेदार येतो, आणि जुन्या ओळखीचा उपयोग राहात नाही. आमच्या शेजारच्या तलावावर असंच झालं. नव्या माणसानं गळवाल्यांना साफ बंदी केली. म्हणून पहिल्या भेटीत दोन गोष्टी विचारून घ्या: ठेका कधीपर्यंत आहे, आणि ओढजाळं कधी लावणार.

छत्रपती संभाजीनगरकडच्या मित्रांसाठी एक वेगळा मुद्दा. पैठणचा नाथसागर तुम्हाला जवळचा, आणि सुट्टीच्या दिवशी पाय तिकडेच वळणार. पण तो जलाशय 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. तिथं 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. कलम 27 नुसार अभयारण्यात शिरण्यावरच बंधन आहे. कलम 28 ज्या कामांसाठी प्रवेशाची परवानगी देतं त्यांत अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशी नावं आहेत. हौसेच्या मासेमारीचं नाव त्यांत नाही. तेव्हा कुण्या संस्थेनं पावती दिली तरी वनरक्षकासमोर ती चालेल असं धरून जाऊ नका. मी तिथं दुर्बीण घेऊन जातो. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग उभी असते. तुटलेल्या तंगूसाचा एक वेढा अशा पायांत अडकला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. तंगूस कुठल्याही काठावर टाकू नका. मी तुकडे डब्यात भरून घरी आणतो.

शेततळ्याचंही बरेच जण विचारतात. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर आपल्याकडे शेततळी वाढली आणि काहींत मासे सोडलेले आहेत. परवानगीच्या दृष्टीनं हे सगळ्यात सोपं, कारण मालक हो म्हणाला की झालं. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात गळ टाकायला मी तयार नाही. गळाचं टोक कागदात घुसलं की शेतकऱ्याचं पाणी झिरपून जातं, आणि त्या कागदाच्या उतारावर पाय घसरला की वर येता येत नाही. दरवर्षी अशी दुर्घटना कुठंतरी होतेच. लेकरांना तर अजिबात नेऊ नका.

बाकीचे नियम धरण असो की तलाव, सारखेच. सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणं हा 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. विजेची तार पाण्यात सोडणारे दिसले तर तिथून लगेच निघा आणि राखणदाराला सांगा. गळाला कासव लागलं तर ते फोटोसाठीही धरून ठेवायचं नाही. आपल्याकडची मऊ पाठीची कासवं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला आहे तेवढंच संरक्षण त्यांना आहे. तंगूस तोंडाजवळ कापा आणि सोडा. थाई मांगूर देशात बंदी असलेला मासा आहे. तो पाळायला किंवा दुसऱ्या तळ्यात सोडायला नेऊ नका, तो तळ्यातलं बाकी सगळं खातो. देवस्थानाच्या कुंडातला मासा देवाचा, तिथं गळ काढायचाच नाही.

तर तुमचं कसं? आठवड्यात मधल्या वारी सवड मिळत असेल, धरणावर मासेमारी करणाऱ्या एखाद्या घराशी ओळख असेल, आणि ते तुम्हाला आपल्या सोबत आपल्याच पाण्यावर बसवणार असतील, तर धरणावर जरूर जा. त्या माणसाच्या शेजारी बसलात की मी सांगितलेली निम्मी कटकट उरत नाही. पण फक्त रविवार हातात असेल, सोबत दहा-बारा वर्षांचं पोर असेल, तर मला वाटतं तलाव बरा. माझी मुलगी मामांच्या शेजारी बसून गळाला गांडूळ लावायला शिकली. तिला लागलेला पहिला रोहू नियमापेक्षा दोन बोटं कमी भरला, तेव्हा मामांनी तो तिच्याच हातानं पाण्यात सोडायला लावला. ती थोडी रडली, मग मासा डोळ्यांआड होईपर्यंत बघत राहिली.

परवाच मामांचा फोन आला होता. पाणी निवळलंय, कणीक आणू नका, चिलापी फार झालीये, गांडूळच आणा म्हणाले. आणि पावतीपुस्तक नवीन आलंय.