जुन्या बागेच्या नव्या आराखड्याची कार्यशाळा: माझा अनुभव

बागेचं नूतनीकरण म्हटलं की आधी झाडं जातात आणि मग फरशी येते, या धास्तीनेच मी गेले होते. पण इथल्या रचनाकारांनी पहिला तासभर नकाशा उघडलाच नाही, आम्हाला बागेतून फिरवलं. हे फार आवडलं. दगडी बाकावर बसलेल्या एका आजींना उठताना दोन्ही तळवे टेकून, दात-ओठ खाऊन जोर लावावा लागला. बाजूला हात टेकायला काही नव्हतंच! कागदावर हे कुणाला दिसलं असतं?

झाडांची बाजू त्यांनी मनापासून मांडली. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात. म्हणजे बुंध्याभोवती गोल पार बांधला की झाड वाचलं, हा आपला समज खोटा. ऐतिहासिक बागांसाठीची १९८१ची फ्लोरेन्स सनदही मला इथेच कळली. बाग हे जिवंत स्मारक आहे, असं ती मानते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १:१२ धरलंय, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, तेही योग्यच.

खटकलं ते वेळेचं. कामाच्या दिवशी भर दुपारी कोण येणार? शाळकरी मुलं एकही नव्हती, आणि बाग सर्वांत जास्त वापरतात तीच. शिवाय आम्ही सूचना लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांपैकी कुठली घेतली, कुठली का नाकारली, हे अजून कळवलेलं नाही. पुढची फेरी सुट्टीच्या सकाळी, बागेतच घ्या. मी बाकाचं चित्र काढून दिलंय, दोन्ही बाजूंना हात असलेलं.